कर्मवीर भाऊराव पाटील

सोलापूर जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांत एक गार्‍हाणें वारंवार आमच्या कानीं येतें. मुलगा नववी-दहावीपर्यंत गेला. आतां तो शेतांत उतरत नाहीं आणि नोकरीही मिळत नाहीं. त्याचें करावें तरी काय? ज्या गृहस्थांनीं अशा मुलांसाठीं आपलें आयुष्य वेंचलें, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म कुंभोज येथें २२ सप्टेंबर १८८७ रोजीं जैन कुटुंबांत झाला. कोल्हापुरास शिकत असतां ते जैन वसतिगृहांत राहत. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, आणि परत आल्यावर शुद्धीचें स्नान करण्यास त्यांनीं साफ नकार दिला. त्यामुळें त्यांस वसतिगृह सोडावें लागलें. परीक्षांत त्यांस यश आलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पुढें किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्तानें ते खेडोपाडीं हिंडले व शेतकर्‍याच्या घरची स्थिति त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कराडजवळील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं सातार्‍यास वसतिगृह निघालें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकाच पंक्तीस बसत. त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें.

भाऊरावांचा खरा विशेष पुढेंच आहे. मुलांनीं स्वयंपाक करावा, शेत खणावें, खडी फोडावी आणि त्या श्रमावर शिकावें, अशी त्यांची रीत होती. आमच्या वाचकांपैकीं जे बोर्डिंगांत वाढले त्यांस पाळीचें काम ठाऊक आहेच. परंतु येथें काम हें शिस्तीपुरतें नसून मुलाच्या शिक्षणाचा खर्चच त्यांतून उभा राहावयाचा होता. दमलेला मुलगा रात्रीं पुस्तक कसें उघडील, ही शंका रास्त आहे. तथापि फुकट खाऊन शिकलेला तरुण पुढेंही दुसर्‍याच्या तोंडाकडे पाहत राहतो, हा धोका आम्हांस अधिक मोठा वाटतो.

एवढें करूनही धान्य पुरत नसे. तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मुलांच्या जेवणासाठीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही दिलें. त्या माउलीचें १९३० सालीं निधन झालें.

१९४० सालीं सातार्‍यास महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें. कमवा आणि शिका ही रीत अशा प्रकारें थोरल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोंचली. ज्या मुलाच्या बापापाशीं फीचे पैसे नव्हते, तो आतां स्वतःच्या हातांच्या बळावर पदवीपर्यंत जाऊं शकत होता.

१९५९ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें, आणि त्याच वर्षीं ९ मे रोजीं ते वारले. आपल्या जिल्ह्यांत पंढरपुरास त्यांच्या संस्थेचें, त्यांच्याच नांवाचें महाविद्यालय आहे.