लेव्ह वायगॉट्स्की : जीवन आणि शिक्षणविचार



शैक्षणिक मानसशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासक्रमात वायगॉट्स्की हे नाव तुम्हांला आढळेल. भाषेच्या विद्यार्थ्यांना तर त्यांचा परिचय विशेष आवश्यक आहे, कारण भाषा आणि विचार यांचा संबंध हाच त्यांच्या चिंतनाचा गाभा होता. त्यांचे चरित्र वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा : विद्यार्थ्याची पात्रता कशावरून ठरवावी? हा प्रश्न त्यांनी पुढे ग्रंथांतून मांडला; परंतु त्याआधी तो त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आला होता.

१. विद्यार्थिदशा

लेव्ह सेम्योनोविच वायगॉट्स्की यांचा जन्म १८९६ मध्ये ओर्शा या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे बालपण गोमेल शहरात गेले. ही दोन्ही ठिकाणे आज बेलारूसमध्ये असून त्या वेळी ती झारच्या रशियन साम्राज्यात होती. शालेय शिक्षण त्यांनी सुवर्णपदकासह पूर्ण केले. तथापि मॉस्को विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांसाठी केवळ ३ टक्के जागा होत्या आणि १९१३ मध्ये त्या गुणवत्तेऐवजी चिठ्ठ्या टाकून भरण्याचे ठरले. वायगॉट्स्कींच्या नावाची चिठ्ठी निघाली आणि त्यांना प्रवेश मिळाला. ती निघाली नसती तर सुवर्णपदकाचा काहीही उपयोग झाला नसता, हे लक्षात घ्या.

त्यांचा ओढा साहित्य आणि तत्त्वज्ञान यांकडे होता. परंतु त्या विषयांचा अभ्यास करून मिळणारी सरकारी शाळेतील शिक्षकाची नोकरी ज्यू तरुणांना बंद होती. म्हणून त्यांनी प्रथम वैद्यकशास्त्र घेतले आणि अल्पावधीतच ते कायद्याकडे वळले. मनाची भूक मात्र त्यांनी अन्यत्र भागवली. मॉस्कोमध्ये १९०८ साली सुरू झालेले शान्याव्स्की लोकविद्यापीठ धर्म, लिंग किंवा पूर्वीची प्रमाणपत्रे न पाहता प्रवेश देत असे. तेथील शिक्षणाला शासनमान्य पदवीचे मोल नव्हते. अध्यापन मात्र उच्च दर्जाचे होते. वायगॉट्स्कींनी दोन्ही विद्यापीठांत एकाच वेळी अध्ययन केले. मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्या तुम्हां विद्यार्थ्यांना या दुसऱ्या संस्थेविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे.

२. शिक्षक ते संशोधक

१९१७ मध्ये ते गोमेलला परतले. क्रांतीनंतर जुने निर्बंध उठल्यामुळे त्यांना शिक्षक होता आले. त्यांनी शाळांत साहित्य शिकवले, तसेच अध्यापक विद्यालयात मानसशास्त्राची एक लहान प्रयोगशाळा उभारली. याच काळात त्यांना क्षयरोगाने गाठले. जानेवारी १९२४ मध्ये पेट्रोग्राड येथील परिषदेत त्यांनी वाचलेल्या निबंधाने उपस्थित तज्ज्ञ प्रभावित झाले आणि मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत त्यांना पाचारण करण्यात आले. तेव्हा त्यांचे वय अवघे २७ होते. तेथे लुरिया आणि लेओन्तिएव्ह हे तरुण सहकारी त्यांना लाभले. १९२६ मध्ये त्यांचा 'शैक्षणिक मानसशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अंध व कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाचाही त्यांनी अभ्यास केला. डोळ्यांनी वाचणारे मूल आणि बोटांनी ब्रेल वाचणारे मूल यांची वाट वेगळी असली, तरी ती दोघे एकाच अर्थापर्यंत पोहोचतात, अशी त्यांची धारणा होती.

३. दोन महत्त्वाच्या संकल्पना

लहान मूल खेळताना स्वतःशीच मोठ्याने बोलते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. वय वाढले की हे बोलणे लोपते, असे जाँ पियाजे यांचे तत्कालीन मत होते. वायगॉट्स्कींनी चित्र काढणाऱ्या मुलांपुढे मुद्दाम अडचणी निर्माण केल्या. हवी ती रंगीत पेन्सिल जागेवर ठेवली नाही. तेव्हा मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुप्पट झाले. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की हे बोलणे म्हणजे अडचणीतून मार्ग काढण्याचे साधन होय. ते पुढे नाहीसे होत नाही, तर आत वळते आणि विचाराचे रूप घेते. इतरांशी बोलण्यातून आपण स्वतःशी बोलायला, म्हणजेच विचार करायला शिकतो.

दुसरी संकल्पना निकट विकासक्षेत्राची. समजा, दोन मुले चाचणीत स्वबळावर ८ वर्षांच्या पातळीचीच उदाहरणे सोडवतात. चाचणीच्या दृष्टीने ती समान ठरतात. आता दोघांनाही थोडे मार्गदर्शन करा. एक मूल १२ वर्षांच्या पातळीपर्यंत जाते, दुसरे ९ वर्षांच्या. मग त्यांना समान कसे म्हणावे? एकट्याने जमते ते आणि साहाय्याने जमते ते, यांमधील अंतर म्हणजे निकट विकासक्षेत्र. अध्यापनाचे खरे कार्य याच क्षेत्रात घडते. केवळ एकट्याने सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेवरून पात्रता ठरवली, तर विद्यार्थ्याचा भूतकाळ मोजला जातो. त्याचे भवितव्य मोजायचे राहून जाते.

४. अखेर आणि पुनर्शोध

११ जून १९३४ रोजी क्षयरोगानेच त्यांचा मृत्यू झाला. वय ३७ वर्षे. 'विचार आणि भाषा' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ त्याच वर्षी, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये सोव्हिएत साम्यवादी पक्षाने बालविकासशास्त्राच्या तत्कालीन शाखेविरुद्ध ठराव केला. या शाखेशी निगडित असल्यामुळे वायगॉट्स्कींचे लेखनही बाजूला सारले गेले आणि सुमारे वीस वर्षे त्याचे पुनर्मुद्रण झाले नाही. १९५६ मध्ये ते रशियनमध्ये पुन्हा छापले गेले, तर १९६२ मध्ये 'विचार आणि भाषा'चा इंग्रजी अनुवाद आला. त्यानंतर जगभरच्या अध्यापकांना त्यांचा परिचय झाला. आज ज्ञानरचनावादाची चर्चा त्यांच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही.

या विचारवंताकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. त्यांना मिळालेली संधी एका चिठ्ठीवर अवलंबून होती आणि हाती आलेला संशोधनकाळ जेमतेम दहा वर्षांचा होता. एकट्याच्या कामगिरीवरून माणसाची पात्रता अंतिमतः ठरवू नये, हा त्यांचा विचार या पार्श्वभूमीवर वाचा.

कृती : तुमच्या परिचयातील एका मुलाला एकट्याने न सुटणारे उदाहरण द्या. उत्तर न सांगता केवळ एक सूचना करा. ते कोठवर पोहोचते आणि त्या वेळी स्वतःशी काय बोलते, याची नोंद करा.