घरावरच्या अँटेनाचा शोध जपानमध्ये लागला, पण जपानी लष्कराला ते शत्रूच्या वहीतून कळलं

रायगडच्या किनाऱ्यावर, राजपुरी खाडीच्या तोंडाशी दिघी आहे. समोर जंजिरा दिसतो आणि उत्तरेला सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर मुंबई. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे किनाऱ्यावरच्या गावांत टीव्ही आले, तेव्हा इतक्या लांबचं चित्र पकडायचं काम माशाच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या अँटेनावर पडलं. एकाने कौलांवर चढून तो फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून मुंग्या गेल्या की नाही ते ओरडून सांगायचं, हा तेव्हाचा घरोघरचा कार्यक्रम.

त्या काट्याला एक नाव आहे, यागी अँटेना. आणि ज्या माणसाचं हे नाव, त्याची गोष्ट भन्नाट आहे.

हिदेत्सुगु यागी यांचा जन्म २८ जानेवारी १८८६ चा, ओसाकाचा. टोकियोत विद्युत अभियांत्रिकी शिकून ते १९१३ मध्ये युरोपला गेले. जर्मनीत ड्रेस्डेनला बार्कहाउझेन यांच्याकडे काम सुरू होतं, तोवर पहिलं महायुद्ध पेटलं. जर्मनी सुटलं. मग इंग्लंडमध्ये रेडिओचा व्हॉल्व्ह शोधणाऱ्या फ्लेमिंग यांच्याकडे आणि पुढे अमेरिकेत शिकून ते जपानला परतले आणि सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक म्हणून काम करू लागले.

त्या काळात रेडिओ म्हणजे लांब लहरी आणि उंचच उंच मनोरे. यागींचं मत वेगळं होतं. लहर जितकी आखूड तितकी ती एका दिशेला वळवणं सोपं, म्हणून पुढचा काळ आखूड लहरींचा, असं त्यांना वाटत होतं. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत एक विचित्र गोष्ट दिसली. अँटेनाजवळ एखादी सुटी धातूची दांडी ठेवली, तिला वायर जोडलेली नसली, तरी लहरींची दिशा बदलत होती.

यागींचे सहकारी शिंतारो उदा यांनी हे धरून ठेवलं. दांड्या लहानमोठ्या करून, पुढे-मागे सरकवून त्यांनी असंख्य प्रयोग केले. त्यातून हिशोब बसला. मधल्या दांडीची लांबी लहरीच्या साधारण निम्मी, वायर फक्त तिलाच. मागची दांडी थोडी लांब, ती लहर परत पुढे ढकलते. पुढच्या दांड्या थोड्या आखूड, त्या लहर आपल्याकडे ओढतात. १९२६ मध्ये दोघांच्या नावाने हे संशोधन जपानमध्ये प्रसिद्ध झालं.

छपरावरच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर याच रचनेत आहे. आखूड दांड्यांची बाजू टॉवरकडे हवी. उलटा बसवलेला अँटेना टॉवरकडे पाठ करून बसतो. पुढे डोंगर किंवा माडांची गर्दी असेल तर दिशा बरोबर असूनही चित्र येत नाही, तिथे उंची वाढवावी लागते. आणि सगळा सिग्नल मधल्या दांडीच्या जोडातून खाली येत असल्याने खाऱ्या हवेत पहिला घात तिथेच होतो. जोडावर हिरवट थर चढला किंवा केबलमध्ये पाणी गेलं की अँटेना कितीही फिरवा, उपयोग नाही. जोड साफ करून, घट्ट आवळून, वरून पाणी शिरणार नाही असा बंद करावा लागतो. बूस्टर लावायचाच तर अँटेनाजवळ. टीव्हीजवळ लावलेला बूस्टर केबलमध्ये मिसळलेला गोंगाटही मोठा करतो.

आता परत जपानकडे. १९२८ मध्ये यागींनी इंग्रजीत लेख लिहिला आणि अमेरिकेत व्याख्यानं दिली. पेटंट एकट्या यागींच्या नावावर होतं. परदेशातले हक्क मार्कोनी आणि आरसीए या कंपन्यांकडे गेले. म्हणून जगाच्या तोंडी यागी बसलं आणि उदा मागे पडले. उदांनी मात्र काम सोडलं नाही. साकाता बंदरापासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या तोबिशिमा बेटाशी त्यांनी याच अँटेनाने समुद्रावरून संपर्क साधून दाखवला. तरीही जपानी लष्कराने या शोधाकडे लक्ष दिलं नाही.

फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने सिंगापूर जिंकलं. तिथे ब्रिटिश रडार आणि एका तंत्रज्ञाची टिपणं हाती लागली. टिपणांत यागी हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि जपानी अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ लागेना. शेवटी त्या ब्रिटिश कैद्यालाच विचारलं. त्याने सांगितलं, हे तर तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे.

पुढचं त्याहून कटू. हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेल्या अणुबॉम्बला ठरलेल्या उंचीवर फुटण्यासाठी जमिनीचं अंतर मोजावं लागत होतं. ते मोजणाऱ्या रडारला यागी अँटेनाच लावलेले होते.

युद्धानंतर यागींनी अँटेना बनवणारी कंपनी काढली. १९५३ मध्ये जपानमध्ये टीव्ही सुरू झाला आणि युद्धात रडारवर चढलेला काटा घराघरावर आला. १९५६ मध्ये सरकारने त्यांना संस्कृती सन्मान दिला. त्याच सुमारास उदा भारतात होते. १९५५ ते १९५८ त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम केलं. १९ जानेवारी १९७६ ला यागी गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उदाही गेले. तांत्रिक पुस्तकांत आता या अँटेनाला यागी-उदा म्हणतात.

दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबईसह काही शहरांत अँटेनावर डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, पण दिघीसारख्या लांबच्या गावात तो सिग्नल मिळेलच असं नाही. डिजिटलमध्ये मुंग्या नसतात. चित्र स्वच्छ असतं, नाहीतर चौकोन होऊन तुटतं, नाहीतर गायब. म्हणजे सिग्नल हळूहळू बिघडतोय हे डोळ्यांना कळतच नाही. म्हणून टीव्हीच्या मेनूतली सिग्नलची गुणवत्ता बघत अँटेना थोडा फिरवायचा, काही सेकंद थांबायचं, मग परत थोडा फिरवायचा आणि शेवटी चॅनेल पुन्हा शोधायचे. खालून ओरडणारा माणूस आजही लागतोच.