हिमालयातून परतलेले कालेलकर

बडोद्याचे गंगनाथ विद्यालय इंग्रज सरकारच्या दडपणामुळे बंद पडले, तेव्हा दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर सत्तावीस वर्षांचेही नव्हते. १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यास जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकलेल्या या तरुणाने राष्ट्रीय शिक्षणाला आयुष्य वाहायचे ठरविले होते. आता शाळाच उरली नाही. मन वैराग्याकडे ओढ घेऊ लागले. घरी मात्र पत्नी होती, संसार होता. १९१२ मध्ये त्यांनी हिमालयाची वाट धरली.

सोबतीला दोन मित्र होते. साताऱ्याकडचे अनंतबुवा मर्ढेकर आणि कोवळ्या वयातच भगवी वस्त्रे स्वीकारलेले स्वामी आनंद. स्वामी मूळचे गुजराती. पण ‘राष्ट्रमत’ या मराठी पत्रात काम केलेले. (गांधीजींना आत्मकथा लिहावयास लावणारे पुढे हेच.)

आज बद्रीनाथच्या दारापर्यंत मोटार जाते. त्या काळी सारा पल्ला पायांनीच तोडावा लागे. जमनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ हा क्रम ऐकायला सोपा. परंतु एका नदीचे खोरे सोडून दुसरीच्या खोऱ्यात जायचे, तर मधली उभी डोंगररांग चढून पलीकडे उतरावे लागे. भागीरथीकडून केदारनाथकडे जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट पंवालीच्या अशाच बिकट चढावरून जात असे. मुक्कामाला वाटेवरच्या चट्ट्या. तेथे शिधा विकत घ्यायचा, चूल पेटवायची, पहाटे पुन्हा चालू लागायचे.

कालेलकर तेथेच राहिले असते तर कोणाला नवल वाटले नसते. ते परतले. १९१५ मध्ये शांतिनिकेतनात त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि शिक्षकाचा सुटलेला धागा साबरमतीच्या आश्रमशाळेत पुन्हा हाती आला. तेथील हस्तलिखित मासिकासाठी त्यांनी ही यात्रा लिहून काढली, ती गुजरातीत! ‘हिमालयनो प्रवास’ १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आले आणि गुजराती प्रवासवर्णनाचा मानदंड ठरले. मराठी वाचकाला याची थोडी असूया वाटावी, हे स्वाभाविकच आहे. त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले ते गांधीजींनीच.

पुढे तुरुंगवास, राज्यसभा, मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षपद, १९६४ मध्ये पद्मविभूषण असे बरेच काही घडले. २१ ऑगस्ट १९८१ रोजी ते निवर्तले. पायांची भटकंती मात्र त्या यात्रेनंतरही थांबली नव्हती. भारतातील नद्यांचे दर्शन घेत ते उतारवयापर्यंत हिंडत राहिले आणि त्यांवरही लिहिले, तेही गुजरातीतच.