गुरुदत्तचं रील बनवण्याआधी

गुरुदत्तचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि मागे एखादं उदास गाणं, असं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. दुःखी कलाकार, हातात ग्लास... दिसायला सगळं भारीच वाटतं. आता त्या माणसाकडे जरा नीट बघा.

१९२५ साली बेंगळुरूत जन्म, अल्मोड्याला उदय शंकर यांच्याकडे नृत्याचे धडे, मग १९४४ मध्ये पुण्याच्या प्रभातमध्ये नोकरी. (आज तिथे एफटीआयआय आहे.) तिथेच देव आनंदशी दोस्ती जमली आणि पुढे 'बाजी' मिळाला. 'प्यासा' आला तेव्हा गुरुदत्तचं वय होतं ३१!

१९५९ मध्ये 'कागज के फूल' पडला. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्याने स्वतःचं नाव पुन्हा कधीच लावलं नाही. पुढच्याच वर्षी 'चौदहवीं का चाँद' तुफान चालला, पैसा आला, पण झोप काही आली नाही. गीताशी दुरावा वाढला आणि दारूही.

दारूने टेन्शन उतरतं, असं आपण सर्रास म्हणतो. थोडा वेळ उतरतंही. मग नैराश्य आणखी वाढतं, झोप बिघडते आणि मुख्य म्हणजे मनाचा ब्रेक सैल होतो. एरवी येऊन निघून गेला असता असा विचार त्या तासाभरात कृतीपर्यंत पोहोचतो.

गुरुदत्तने आधी दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता. घरच्यांनी एकदा मानसोपचारतज्ज्ञाला बोलावलं, पण पुन्हा बोलावलं नाही. आधीचा प्रयत्न हा धोक्याचा फार मोठा इशारा असतो, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल. १० ऑक्टोबर १९६४ च्या सकाळी तो मुंबईतल्या घरात मृत सापडला. वय ३९. आदल्या रात्री तो प्यायला होता. आत्महत्या की अपघात, हा वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर, दारू ही रेषाच पुसट करते. गीताही १९७२ मध्ये गेली, लिव्हरच्या आजाराने.

आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्या दहा जणांत साधारण सात पुरुष असतात. आणि आपण काय करतो? मित्राचं ब्रेकअप झालं, केटी लागली की म्हणतो, चल, बसू. बसा, पण ग्लास न भरता. आणि जीव द्यावासा वाटतोय का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.