हॉलस्टेड रस्त्यावरची शेजारीण : जेन अ‍ॅडम्स

(द्वितीय वर्ष, कला)

शिकागो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्वामी विवेकानंद उभे राहतात. १८९३ सालच्या सप्टेंबरात तेथे सर्वधर्मपरिषद भरली होती. त्याच वर्षी त्या शहरात एक प्रचंड जागतिक प्रदर्शनही भरले होते. शुभ्र रंगाच्या भव्य इमारती, विजेच्या दिव्यांची आरास आणि जगभरातून लोटलेली माणसे, असा तो थाट होता. १८७१ च्या भीषण आगीत होरपळलेले हे शहर वीस वर्षांत दहा लाखांच्या वर गेले, याचा शिकागोकरांना मोठा अभिमान होता.

परंतु शिकागो नदीच्या पश्चिमेला आणखी एक शिकागो होते, ते कोणी पाहुण्यांना दाखवीत नसे. तेथे इटालियन, ग्रीक, आयरिश, जर्मन, बोहेमियन आणि रशिया-पोलंडमधून पळून आलेले ज्यू अशी नाना देशांची गरीब माणसे दाटीवाटीने राहत होती. लाकडी घरे, गटारांची सोय नाही, रस्त्यात कुजलेला कचरा आणि शाळांत सर्व मुलांना पुरेल एवढी जागा नाही. अशा वस्तीत हॉलस्टेड रस्त्यावरच्या एका जुन्या घरात एक सुशिक्षित, श्रीमंत घरातील बाई आपण होऊन राहायला आली आणि मरेपर्यंत तेथेच राहिली. तिचे नाव जेन अ‍ॅडम्स.

जेनचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या खेड्यात झाला. वडील गिरणीमालक, राज्याच्या सिनेटचे सदस्य आणि अब्राहम लिंकन यांचे स्नेही. जेन अडीच वर्षांचीही नव्हती तेव्हा आई वारली. पुढे लहानपणीच पाठीच्या कण्याला क्षय झाला आणि पाठीत कायमचा बाक आला. आपण कुरूप आहोत, असे त्या पोरीच्या मनाने घेतले. रविवारी चर्चमध्ये परगावची माणसे आली, की ती वडिलांच्या बाजूने न चालता काकांच्या बाजूने चाले. एवढ्या देखण्या, रुबाबदार माणसाची ही वाकडी मुलगी आहे, हे लोकांना कळू नये म्हणून! एकदा जवळच्या शहरात भर रस्त्यात वडिलांची आणि तिची अचानक गाठ पडली. वडिलांनी आपली उंच रेशमी टोपी उचलली आणि एखाद्या मोठ्या बाईला करावा तसा त्या चिमुरडीला वाकून नमस्कार केला. चारचौघांत मिळालेल्या त्या मानाने तिच्या मनातली अढी सुटली. ही लहानशी गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण पुढे जेनने जे काम उभे केले त्याचे बी मला या नमस्कारात दिसते.

दुसरी आठवण ती सात वर्षांची असतानाची. वडिलांबरोबर गिरणीच्या कामासाठी शहरात गेली असता तिने प्रथमच गरिबांची वस्ती पाहिली. माणसे असल्या कोंदट घरांत का राहतात, असे तिने वडिलांना विचारले. मोठी झाल्यावर मी मोठे घर बांधीन, पण ते श्रीमंतांच्या आळीत नाही, अशाच लहान घरांच्या मधोमध बांधीन, असा तिचा त्या वेळचा बेत होता. लहान मुले असे बेत रोज करतात. जेनने तो बावीस वर्षांनी तडीस नेला.

मधली बावीस वर्षे सोपी नव्हती. रॉकफर्डच्या मुलींच्या विद्यालयातून १८८१ साली ती शिकून बाहेर पडली आणि त्याच उन्हाळ्यात वडील गेले. डॉक्टर व्हायचे म्हणून फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले, तर पाठीच्या दुखण्याने अंथरूण धरावे लागले आणि शिक्षण सुटले. शिकलेल्या मुलीने पुढे करायचे काय? लग्न, नाही तर घरातल्या आजाऱ्यांची सेवा, नाही तर युरोपची सफर. जेन युरोपला गेली. लंडनच्या पूर्व भागात एका शनिवारी रात्री तिने उरल्यासुरल्या, नासक्या भाजीचा लिलाव पाहिला. गाडीवाल्याच्या दिशेने अंधारातून वर झालेले ते शेकडो रिकामे हात तिला पुढे जन्मभर दिसत राहिले. चित्रे पाहावीत, पुस्तके वाचावीत, हळहळावे आणि हातून काहीच होऊ नये, या सुशिक्षितपणाचा तिला उबग आला. १८८८ साली तिने लंडनमध्ये टॉयन्बी हॉल पाहिला. विद्यापीठातून शिकलेले तरुण तेथे गरीब वस्तीत शेजारी म्हणून राहत होते. जेनला वाट सापडली.

रॉकफर्डची मैत्रीण एलन गेट्स स्टार हिला बरोबर घेऊन १८ सप्टेंबर १८८९ रोजी जेनने हॉलस्टेड रस्त्यावरचे चार्ल्स हल नावाच्या गृहस्थाचे जुने घर भाड्याने घेतले. पुढे मालकीणबाईंनी भाडेही माफ केले. हेच ते प्रसिद्ध हल-हाऊस.

सुरुवातीला या दोघींनी शेजारणींना जमवून जॉर्ज इलियटची कादंबरी वाचून दाखवली. बायका आल्या, ऐकून गेल्या. पण वस्तीला कशाची गरज आहे ते कादंबरीतून थोडेच कळणार? ते घरोघर गेल्यावर कळले. तीन अपंग मुले पहिल्यांदा पाहण्यात आली. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलेले, दुसरे भाजलेले, आणि तिसऱ्याच्या पाठीला बाक आलेला. हे तिसरे मूल तीन वर्षे दिवसभर स्वयंपाकघरातील टेबलाच्या पायाला बांधून ठेवले जात होते. आई निर्दय नव्हती, ती कामावर जात होती! स्वतः वाकडी पाठ घेऊन वाढलेल्या जेनबाईंना ते मूल पाहून काय वाटले असेल, हे निराळे सांगायला नको. हल-हाऊसमध्ये बालवाडी निघाली आणि पाठोपाठ पाच सेंट घेऊन कामकरी बायकांची मुले सांभाळणारे पाळणाघरही निघाले.

पहिल्या नाताळात मुलींना गोळ्या वाटल्या, तर काही मुलींनी त्या घेतल्या नाहीत. या मुली गोळ्यांच्या कारखान्यात सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत सहा आठवडे राबत होत्या. त्यांना गोळीकडे पाहवत नव्हते. त्याच हिवाळ्यात ओळखीच्या तीन मुलांना कारखान्यातील एकाच यंत्राने जखमी केले आणि त्यांतला एक मुलगा दगावला. यंत्राला थोड्या डॉलरांचे संरक्षक झाकण बसवले असते तर हे टळले असते. मालकाला दाद लागू होत नव्हती, कारण निष्काळजीपणामुळे इजा झाल्यास भरपाई मागणार नाही, अशा कागदावर आईबापांच्या सह्या आधीच घेतलेल्या असत.

शाळेची जागा पोटाने घेतली होती, हे जेनबाईंच्या ध्यानात आले. मुलाला शाळेत बसवायचे तर आधी त्याला कारखान्यातून बाहेर काढले पाहिजे. फ्लॉरेन्स केली ही विदुषी १८९१ साली हल-हाऊसमध्ये राहायला आली आणि तिच्या पाहणीचा मोठा उपयोग झाला. १८९३ साली इलिनॉय राज्यात चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला. गंमत अशी की, या कायद्याला विरोध करणाऱ्यांत केवळ मालक नव्हते, मुलांच्या मजुरीवर चूल पेटवणारे आईबापही होते. जेनबाईंनी त्यांना दोष दिला नाही. त्यांच्याशी बोलत राहिल्या. १८९५ साली हल-हाऊसच्या रहिवाशांनी वस्तीचे नकाशे छापले. कोणत्या घरात कोणत्या देशाचे लोक आणि आठवड्याची मिळकत किती, हे त्यांत रंगांनी दाखवले होते.

कचऱ्याची हकिकतही अशीच. तक्रारी करून पालिका हलेना, तेव्हा बाईंनी चक्क कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठी निविदा भरली. ती नाकारली गेली, पण गवगवा एवढा झाला की महापौरांनी १८९५ साली त्यांनाच वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक नेमले. सकाळी सहाला ही बाई कचऱ्याच्या गाड्यांमागे निघे. एका बोळात कचऱ्याचा थर उकरला, तर दीड फूट खाली फरसबंद रस्ता निघाला! मृत्युसंख्येत शहरात तिसरा असणारा हा वॉर्ड पुढे सातव्या क्रमांकावर आला. मात्र वॉर्डाचा जो नगरसेवक अंत्यविधीचा खर्च आणि नोकऱ्यांची खिरापत वाटून निवडून येई, त्याच्याविरुद्ध त्यांनी उभे केलेले उमेदवार पडले. गरज पडेल तेव्हा दारात उभा राहणारा माणूस लोकांना जवळचा वाटतो, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. वस्तीतील मुले शाळेत जाऊन इंग्रजी शिकली, अमेरिकन कपडे घालू लागली आणि हळूहळू त्यांना आपल्या आईबापांची लाज वाटू लागली. आईला इंग्रजी येत नाही, ती डोक्याला रुमाल बांधते. पोर दुभाष्या झाले आणि घरातले वडीलपण उलटेपालटे झाले. शाळा ज्ञान देते, पण घर हिरावून घेते, हे दुखणे जेनबाईंनी फार लवकर ओळखले. एके दिवशी त्यांनी एका इटालियन म्हातारीला दारात बसून टकळीवर सूत कातताना पाहिले आणि त्यांना एक कल्पना सुचली. १९०० साली त्यांनी हल-हाऊसमध्ये श्रम-संग्रहालय उघडले. त्यात काचेच्या कपाटातल्या वस्तूंपेक्षा जिवंत माणसांना महत्त्व होते. वस्तीतल्याच म्हाताऱ्या बायका आणि कारागीर तेथे येऊन आपापल्या देशातील कातणे, विणणे करून दाखवत.

अँजेलिना नावाच्या मुलीची हकिकत बाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. ही मुलगी हल-हाऊसमध्ये स्वयंपाकाच्या वर्गाला येई. त्याच संध्याकाळी तिची आई सूत कातून दाखवायला येई. आईला पुढच्या दाराशी सोडून मुलगी बाजूच्या दाराने आत जाई. ओबडधोबड बूट आणि आखूड घागरा घातलेल्या बाईची आपण मुलगी आहोत, हे वर्गातल्या मैत्रिणींना कळायला नको होते. एकदा तिने पाहिले, तर आईभोवती शिक्षणशास्त्राच्या मंडळींचा घोळका जमलेला आणि सारे जण तिच्या कामाची वाखाणणी करत असलेले. अमेरिकेत अशी टकळी चालवणारी दुसरी बाई नसेल, असे बोलणे चालले होते. जेनबाईंनी मुलीला आईच्या इटलीतल्या गावाविषयी आणि शहरात आल्यावर मागे पडलेल्या तिच्या कसबाविषयी समजावून सांगितले. त्यानंतर मुलगी आईबरोबर पुढच्या दाराने येऊ लागली.

आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्यांना या दोन दारांचा अर्थ कोणी फोड करून सांगायला नको. माझ्या आईला सही येत नाही. पण सुपात धान्य पाखडताना तिच्या हातून एक खडा सुटत नाही. त्या विद्येला आमच्या अभ्यासक्रमात पेपर नाही. जेनबाईंनी तो पेपर काढला होता, असे मी मानतो. मुलीने आईला मान द्यावा असे व्याख्यान त्यांनी दिले नाही. आईला चारचौघांत मान मिळेल अशी जागा तयार केली. भर रस्त्यात टोपी उचलणाऱ्या वडिलांची ती मुलगी होती ना!

१९०५ साली महापौर डन यांनी त्यांना शिकागोच्या शिक्षण मंडळावर नेमले. शहरातल्या शिक्षिकांची संघटना तेव्हा फार जोरात होती. बड्या कंपन्या कर बुडवतात म्हणून शाळांना पैसा नाही, हे या शिक्षिकांनी कोर्टात जाऊन सिद्ध केले होते. शिक्षिकांना गुप्तपणे गुण देऊन त्यांवर बढती ठरवण्याची पद्धतही त्यांना सलत होती. जेनबाई आपल्या बाजूने ठाम उभ्या राहतील, अशी त्यांची अपेक्षा होती. बाईंनी दोन्ही बाजूंना जुळवून घेण्याचा मार्ग धरला आणि कोणाचेच समाधान झाले नाही. १९०७ साली नव्या महापौरांनी डन यांच्या कित्येक सभासदांना काढले; बाई मात्र १९०९ पर्यंत मंडळावर राहिल्या, हेही शिक्षिकांना रुचले नाही. वस्तीत वाट काढणाऱ्या या बाईला मंडळाच्या सभागृहात ती सापडली नाही, असे म्हणणे भाग आहे. तरीही १९०८ साली शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेपुढे त्यांनी आपले म्हणणे मांडलेच. परदेशातून आलेल्या मुलाला शाळा त्याच्या आईबापांपासून फार झपाट्याने तोडते. तिने त्याच्या घरची भाषा, गाणी आणि कला यांना वर्गात स्थान द्यावे, असा त्याचा मथितार्थ होता.

पुढचे आयुष्य साऱ्या जगाला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात त्यांनी युद्धाला विरोध केला आणि ज्यांनी डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्यांना देशद्रोही ठरवले. त्या डगमगल्या नाहीत. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. २१ मे १९३५ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले आणि सीडरव्हिलच्या मातीत त्यांना विसावा मिळाला.

पण कथा येथे संपत नाही. एका घराचे तेरा इमारतींचे हल-हाऊस झाले होते. १९६१ साली शहराने ठरवले की, इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या महाविद्यालयासाठी ही सारी वस्ती पाडायची. वस्तीतल्या बायका रस्त्यावर उतरल्या, कोर्टात गेल्या. त्यांची पुढारी होती फ्लॉरेन्स स्काला, एका इटालियन शिंप्याची मुलगी, लहानपणी हल-हाऊसमध्ये वाढलेली. त्या हरल्या. १९६३ साली इमारती पडल्या आणि १९६५ साली तेथे महाविद्यालय सुरू झाले. मूळ घर आणि भोजनगृह तेवढे संग्रहालय म्हणून राखले आहे. जेनबाईंच्या नावाने चालणारी समाजसेवी संस्थाही २०१२ साली पैशाअभावी बंद पडली.

शाळा आणि वस्ती यांच्यामधली भिंत पाडण्यासाठी जी बाई जन्मभर झिजली, तिची वस्तीच एका महाविद्यालयासाठी पाडली गेली. त्या महाविद्यालयाने हजारो गरीब मुलांना पदव्या दिल्या, हेही खरेच आहे आणि त्याचे मोल कमी नाही. पण शिक्षण उभे राहताना कोणाचे घर बाजूला सरते, हा प्रश्न जेन अ‍ॅडम्स यांनी १९०० सालीच विचारला होता. पदवी हातात घेऊन आपल्यापैकी प्रत्येक जण एक दिवस घरी जाईल. तेव्हा पुढच्या दाराने जायचे की बाजूच्या, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.