यंत्राला शाळेत घालू पाहणारा गणिती

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० या शैक्षणिक वर्षापासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय सुरू केला. यंत्र शिकते कसे, ते चुकते का आणि त्याच्या उत्तरावर कितपत विसंबावे, हे प्रश्न त्यामुळे शाळेच्या वर्गात येऊन पोहोचले. यातील बहुतेक प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यावरच एका ब्रिटिश गणितज्ञाने मांडून ठेवले होते. विशेष म्हणजे ते मांडताना त्याच्या डोळ्यांसमोर शाळेत जाणारे मूल होते. हा गणितज्ञ म्हणजे अ‍ॅलन मॅथिसन ट्यूरिंग.

ट्यूरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आई एथेल सारा ही मद्रास रेल्वेच्या मुख्य अभियंत्याची कन्या. हिंदुस्थानची हवा मुलांना मानवणार नाही म्हणून अ‍ॅलन आणि त्याचा थोरला भाऊ यांना इंग्लंडमध्येच एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवण्यात आले. आईवडिलांचा सहवास त्यांना अधूनमधूनच लाभला.

१९२६ मध्ये तो शेरबोर्न येथील शाळेत दाखल व्हायचा होता. नेमका त्याच दिवसांत देशव्यापी संप पुकारला गेला आणि रेल्वे बंद पडली. तेरा वर्षांचा अ‍ॅलन साउदॅम्प्टनहून सायकलवर निघाला आणि वाटेत एक मुक्काम करून सुमारे शंभर किलोमीटरवरील शाळेत हजर झाला. शाळेत मात्र अभिजात भाषांना मान होता, विज्ञानाला नव्हता. वेडेवाकडे अक्षर, अव्यवस्थित वह्या आणि नेमलेला अभ्यास सोडून भलत्याच गणितात रमण्याची सवय यामुळे शिक्षक त्याच्यावर नाराज असत. त्याच काळात हा मुलगा आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद स्वतः वाचून समजून घेत होता आणि आईसाठी त्याची टिपणे काढत होता. त्याची बुद्धी खऱ्या अर्थाने ओळखली ती ख्रिस्तोफर मॉरकॉम या शाळासोबत्याने. फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयाने मॉरकॉमचा अकाली मृत्यू झाला. माणसाचे मन आणि जड पदार्थ यांचे नाते काय, हा विचार त्या आघातानंतर ट्यूरिंग यांच्या मनात घर करून राहिला.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये असताना, १९३६ साली, त्यांनी एका काल्पनिक यंत्राची संकल्पना मांडली. कागदाच्या लांब पट्टीवरील चिन्हे वाचणारे, पुसणारे आणि लिहिणारे हे साधे यंत्र, योग्य सूचना दिल्या तर, नियमांनी बांधलेली कोणतीही आकडेमोड करू शकेल, हे त्यांनी दाखवले. अशा यंत्रालाही सोडवता येणार नाहीत असे प्रश्न असतात, हेही त्यांनी सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मनीच्या एनिग्मा यंत्राचे सांकेतिक संदेश उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हे कार्य त्यांच्या हयातीत गुप्तच राहिले.

युद्ध संपल्यावर संगणकाची उभारणी सुरू झाली आणि ट्यूरिंग यंत्राच्या शिक्षणाकडे वळले. १९४७ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढील व्याख्यानात त्यांनी सांगितले, की यंत्र कधीच चुकू नये असा आग्रह धरला तर ते बुद्धिमानही होऊ शकणार नाही. पुढील वर्षी त्यांनी बुद्धिमान यंत्रांविषयी सविस्तर अहवाल लिहिला. त्यांच्या संस्थेचे संचालक, निसर्गशास्त्रज्ञ डार्विन यांचे नातू सर चार्ल्स डार्विन, यांना तो शाळकरी मुलाच्या निबंधासारखा वाटला. ट्यूरिंग यांच्या हयातीत तो छापला गेला नाही.

१९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकातील निबंधात त्यांनी हाच धागा पुढे नेला. पडद्याआड यंत्र आहे की माणूस, हे केवळ प्रश्नोत्तरांवरून ओळखण्याचा त्यातील खेळ जगभर गाजला. मात्र निबंधाचा अखेरचा भाग शिक्षणाविषयी आहे. प्रौढ माणसाची बुद्धी यंत्रात उतरवण्याऐवजी बालकाची उतरवावी आणि मग त्याला शिकवावे, असे त्यांनी सुचवले. बालकाचे मन त्यांना दुकानातून नुकत्याच आणलेल्या वहीसारखे वाटे; रचना थोडी, कोरी पाने पुष्कळ. शाबासकी आणि शिक्षा यांनी शिकवता येईल, पण तेवढ्याने भागणार नाही, हे त्यांनी जाणले होते. यंत्राला खरोखरच शाळेत धाडले तर इतर मुले त्याची टर उडवतील, असा मिश्कील इशाराही त्यांनी दिला. सर्वांत दूरदृष्टीचे निरीक्षण असे, की शिकणाऱ्या यंत्राच्या आत काय चालले आहे, याची त्याच्या शिक्षकाला बरेचदा कल्पना नसेल. आज कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

बुद्धिबळ खेळण्याचे नियम त्यांनी लिहून काढले, पण ते चालवू शकेल असा संगणक हाताशी नव्हता. तेव्हा १९५२ मध्ये स्वतःच यंत्र होऊन, कागदावर एकेक आकडेमोड करत त्यांनी डाव खेळला. एकेका खेळीला अर्धा-अर्धा तास लागे. डाव ते हरले. संगणक नसलेल्या शाळेतही यंत्राची विचारपद्धती शिकवता येते, हे या प्रयोगावरून सहज ध्यानात यावे.

त्याच वर्षी समलिंगी संबंधांच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला झाला. तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांना संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले. गुप्त कामाची परवानगीही गेली. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे एक्केचाळीस. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला, त्यावर काही अभ्यासकांनी पुढे शंका घेतली. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये क्षमा मागितली, २०१३ मध्ये राजमाफी मिळाली आणि २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले.

चुकणाऱ्या यंत्राला शिकण्याची संधी द्यावी, असे सांगणाऱ्या या माणसाला, तो वेगळा आहे एवढ्याच कारणासाठी, त्याच्या समाजाने शिक्षा केली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा धडा गिरवणाऱ्या मुलांना ट्यूरिंग यांचे यंत्र शिकवावे, तसे त्यांचे आयुष्यही सांगावे. यंत्राला काय शिकवायचे, शाबासकी कशाला द्यायची आणि शिक्षा कशाला, हे शेवटी माणूसच ठरवतो. आणि त्याचे ते ठरवणे चुकूही शकते.