मेलेल्या घोड्याचा तळ

ब्राझीलच्या मातो ग्रोसो प्रांतातल्या एका तळावरून १९२५ च्या मे अखेरीस दोन मजूर माघारी फिरले. त्यांच्यापाशी कर्नल पर्सी फॉसेटने पत्नीला लिहिलेले पत्र होते. अपयशाची भीती बाळगू नकोस, असे त्याने तिला कळवले होते. पत्रावर तारीख होती २९ मे. फॉसेट, त्याचा थोरला मुलगा जॅक आणि जॅकचा मित्र रॅले रिमेल असे तिघे पुढे निघाले. त्यानंतर त्यांचा ठावठिकाणा कुणालाच लागला नाही.

फॉसेटचा जन्म १८६७ चा, इंग्लंडमधल्या टॉर्कीचा. वडील जन्मले होते हिंदुस्थानात. तोफखान्यातला अधिकारी म्हणून तो सिलोनला, त्रिंकोमालीला गेला. नीना त्याला सिलोनमध्येच भेटली. १९०१ मध्ये त्यांचे लग्न झाले. १९०६ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला बोलिव्हिया आणि ब्राझीलची सरहद्द आखायला धाडले. रबराच्या व्यापारामुळे त्या रानाला एकाएकी मोल आले होते. सोबतचे लोक तापाने, भुकेने खचत. हा मात्र काटक. आदिवासींवर गोळी झाडायची नाही, हा त्याचा दंडक. १९१० मध्ये हीथ नदीवर बाण येऊ लागले, तेव्हा त्याने बंदुका खाली ठेवायला लावून सोबत्यांना अ‍ॅकॉर्डियनवर गाणी म्हणायला सांगितले. बाण थांबले. १९१६ मध्ये सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. त्या वेळी पन्नाशीला आलेला हा माणूस महायुद्धात लढत होता.

याच फिरतीत त्याच्या मनात एक शहर वस्तीला आले. रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १७५३ सालचा एक पोर्तुगीज कागद होता. त्यात उजाड दगडी नगरीचे वर्णन होते. फॉसेटने आपल्या शहराला नाव दिले ‘झेड’. १९२० मध्ये तो शोधाला निघाला आणि हात हलवत परतला. वाटेत कोसळलेल्या घोड्याला त्याने जिथे गोळी घातली, तोच हा मेलेल्या घोड्याचा तळ. पाच वर्षांनी तो पुन्हा तिथे आला, तेव्हा तो सत्तावन्नचा होता आणि जॅक बावीस वर्षांचा. रॅलेचा पाय चिघळला होता. तरी मोहीम पुढे गेली.

आपला मार्ग त्याने गुप्त ठेवला होता आणि परतलो नाही तर शोधपथके पाठवू नका, असेही बजावले होते. लोकांनी ऐकले नाही. १९२८ मध्ये डायटची मोहीम गेली. आदिवासींनी तिघांना मारले, असा निष्कर्ष काढून तो परतला. पुरावा मात्र नव्हता. १९३२ मध्ये स्टीफन रॅटिन नावाचा स्विस शिकारी शोधाला गेला आणि तोही बेपत्ता झाला. १९५१ मध्ये कालापालो आदिवासींकडून काही हाडे मिळाली. लंडनमध्ये तपासली, तर ती फॉसेटची नव्हती. तिघे आपल्या गावात राहून पूर्वेला गेले, काही दिवस त्यांच्या चुलीचा धूर दिसला, मग तो दिसेनासा झाला, अशी आठवण कालापालो लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. नीना १९५४ मध्ये वारली. नवरा आणि मुलगा येतील, ही आशा तिने सोडली नव्हती.

गोष्ट इथे संपत नाही. शिंगू नदीच्या उगमाकडच्या भागात मायकेल हेकेनबर्गर या संशोधकाने कुइकुरो लोकांच्या मदतीने जुन्या वस्त्या शोधल्या. हे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. खंदक, रुंद सरळ रस्ते, मोठे चौक. हजारो माणसांची ही नगरे मातीची आणि लाकडाची होती. पुढे गोऱ्यांबरोबर आलेल्या रोगांनी माणसे मेली आणि रानाने रस्ते गिळले. फॉसेटची नजर दगडी मनोऱ्यांवर होती आणि ते कुणा वेगळ्याच प्राचीन लोकांनी बांधले असावेत, असा त्याचा ग्रह होता. ज्यांच्या गावांत तो मुक्काम करी, त्यांच्याच पूर्वजांनी नगरे वसवली होती.

शेवटी फॉसेटच खरा ठरला, असे आता म्हटले जाते. म्हणोत बापडे. मात्र या हिशेबात जॅक आणि रॅले ही दोन नावे कुठल्या बाजूला लिहायची, ते ज्याचे त्याने ठरवावे.